लोखंडी अवजारे आणि कारागिराची जबाबदारी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मला विज्ञान शिकविले. निपाणी परिसरात शेतीची अवजारे बनविणाऱ्या माझ्यासारख्या कारागिरास या व्यासपीठावर बोलाविले, हा शाळेचा मोठेपणा होय.

आपल्या सीमाभागाला या विद्येची परंपरा आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या कष्टाने मिळविलेल्या विश्वासावर.

तो विश्वास मी एकदा गमावला. व्यवसायाच्या आरंभी एका वृद्ध शेतकऱ्याच्या कुळवाला ट्रकच्या जुन्या पाट्याची फास वेल्डिंगने जोडून दिली. गिऱ्हाइकांची रांग होती, म्हणून तापलेला जोड पाण्यात बुडवून निवविला. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि दुसऱ्याच तासाला फास मोडली. दोन्ही तुकडे माझ्यापुढे ठेवून ते एवढेच म्हणाले, "पोरा, वाफसा गेला की रं."

मी ते तुकडे गुरुजींकडे नेले. ते उजेडात धरून त्यांनी मला विचारले, "मोडले कोठे, ते पाहिलेस का?" जोड शाबूत होता, त्याच्या शेजारचे पोलाद तुटले होते. पाट्याच्या पोलादात कर्बाचे प्रमाण अधिक असते. ते तापवून एकदम थंड केले की काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून जोडण्यापूर्वी ते तापवावे आणि नंतर कोरड्या राखेत सावकाश निवू द्यावे.

दुसऱ्या दिवशी मी नवी फास त्या शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. गेलेला वाफसा मात्र देता आला नाही.

विद्यार्थी मित्रहो, कारखान्यातील घाईची किंमत शेतात दुसराच कोणी मोजतो. आज माझ्या दुकानात राखेची पेटी असते. कितीही गर्दी असो, तिच्यातील जोड वेळेपूर्वी बाहेर निघत नाही.