टेंडर वाचणारा माणूस आणि दोन तिकिटं
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला बोलायची सवय नाही. पण सेक्रेटरी म्हणाले, तुमची फसगत सांगा, चार जणांचे पैसे वाचतील. म्हणून उभा आहे.

25 आणि 26 जानेवारी 2025 ला अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये कोल्डप्ले या इंग्रजी बँडचा कार्यक्रम होता. बडोद्याहून दोन तासांची वाट. मुलगी बारावीला. म्हणाली, "बाबा, एवढं एकच." विक्री उघडली तेव्हा ती घरून, मी कचेरीतून, दोघंही ऑनलाइन रांगेत. माझ्यापुढे लाखाच्या वर माणसं! पाहता पाहता सगळं संपलं.

त्याच संध्याकाळी एका पुनर्विक्रीच्या साइटवर तिकिटं दिसली. अडीच हजारांचं नऊ हजारांना. पानावर घड्याळ उलटं पळत होतं, "फक्त तीन शिल्लक". दोन घेतली. सेवा शुल्क अगदी शेवटच्या पानावर दिसलं, तेही भरलं.

मी सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. टेंडरच्या अटी वाचणं माझं रोजचं काम. ठेकेदाराला एका शब्दावरून अडवणारा मी, इथे अटी वाचल्याच नाहीत. नंतर वाचल्या. ती साइट स्वतः तिकीट विकतच नव्हती, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची फक्त गाठ घालून देत होती. माझ्या पावतीवर स्टँडचं नाव होतं, खुर्चीचा नंबर नव्हता. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात तिकीट असेलच असं नाही. आधी गिऱ्हाईक धरायचं, पुढे स्वस्तात मिळालं तर द्यायचं, नाहीतर रद्द. मुंबईच्या कार्यक्रमांच्या वेळीही अधिकृत विक्रीआधीच तिकिटं विकायला लागली होती, ईडीचे छापेही पडले होते. पेपरात वाचलं होतं मी ते सगळं.

1994 साली 'हम आपके हैं कौन'ला वडिलांनी ब्लॅकची तिकिटं घेतली होती. पोलिसाची नजर चुकवून का होईना, पण ब्लॅकवाल्याने तिकीट आधी हातात ठेवलं होतं.

23 तारखेला रात्री ई-मेल आला, ऑर्डर रद्द. मुलगी काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. 26 ला तोच कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. पाहिला आम्ही दोघांनी, टीव्हीचा आवाज मोठा करून.

पैशांचं सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, बँकेतही कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली. दोन महिन्यांनी तिकिटांचे पैसे आले, सेवा शुल्क नाही. कुणी सरळ पैसे घेऊन पळालाच, तर मात्र 1930 ला लगेच फोन करा, उशीर करू नका. सेवा शुल्कासाठी मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. घरची मंडळी म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी कशाला? पण अर्ज लिहून झालाय. कुणाला नमुना हवा असेल तर चहाच्या वेळी भेटा, झेरॉक्स काढून आणल्या आहेत.