एन्झाइमची सोबत



जयपूरच्या वैशालीनगरमधील या सभागृहात आज दिवसभर जीवरसायनाची चर्चा मराठीतून होणार आहे. या चर्चेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. एन्झाइम काय तोडते, काय जोडते, हे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. मला आज वेगळ्या प्रश्नावर बोलायचे आहे. मानवी पेशीत ते एन्झाइम कोणाकोणाच्या सोबत असते?

या विषयाची सुरुवात आपल्याच माणसाने, आपल्याच धान्यावर केलेल्या कामापासून करता येते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला आणि मग अटी घालून दिला गेला. ही हकीकत आपल्याला पाठ आहे. केंब्रिजला १९३९मध्ये मिळवलेली पीएच.डी.ही आपण अभिमानाने सांगतो. पण मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुढे काय केले, ते फारसे कोणी सांगत नाही. वाल आणि डबल बीन्समधून ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने त्यांनी वेगळी केली आणि स्फटिकरूपात मिळवली. ते काम १९५५मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. आपल्या घराघरांतल्या डाळी-कडधान्यांचे पोषणमूल्य ठरवण्याच्या त्यांच्या मोठ्या प्रकल्पाचा तो भाग होता.

ट्रिप्सिन रोखले जाते ते असे. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडाचे एन्झाइम प्रथिनाची साखळी लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लानंतर कापते. कडधान्यातले रोधक प्रथिन तसाच एक दुवा नेमका पुढे करते. ट्रिप्सिन तो पकडते, पण कापून मोकळे होणे त्याला जमत नाही, आणि दोघे एकमेकांत अडकून राहतात. वाल शिजवल्यावर उष्णतेने रोधकाची घडी मोडते आणि ही पकड उरत नाही. कच्चे कडधान्य का बाधते, याचे एक कारण इथे आहे. एन्झाइम आणि दुसरे प्रथिन यांच्या भेटीचा हा अभ्यास मुंबईत झाला तेव्हा पेशीतील अशा नात्यांच्या जाळ्यासाठी ‘इंटरॅक्टोम’ हा शब्दही कोणी काढला नव्हता.

आता हेच नाते माणसाच्या शरीरात पाहा. स्वादुपिंडाच्या पेशी ट्रिप्सिनचे निष्क्रिय रूप साठवतात. त्यातले काही चुकून आधीच जागे झाले, तर ते स्वतःच्याच अवयवाला पचवू लागेल. म्हणून त्याच पेशी स्पिंक१ नावाचे रोधक प्रथिनही बनवतात. उष्ण कटिबंधातल्या लोकांना, त्यातही तरुणांना, गाठणारा स्वादुपिंडाचा एक जुनाट आजार आहे. त्यात स्वादुपिंडात खडे होतात आणि पुढे मधुमेह जडतो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील (सीसीएमबी) गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवले, की भारतीय रुग्णांमध्ये या आजाराचा ठळक संबंध ट्रिप्सिनच्या जनुकाशी नसून स्पिंक१च्या जनुकातील बदलांशी आहे. त्यांत एन३४एस हा बदल प्रमुख.

आणि इथेच मोठे कोडे उभे राहिले. एन३४एस बदल असलेले प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून तपासले, तर ते ट्रिप्सिनला जवळपास नेहमीसारखेच रोखते. परीक्षानळी सांगते, सगळे ठीक आहे. रुग्ण समोर वेदनेने वाकलेला असतो. असा निकाल हातात आल्यावर पेशीत शिरण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे हे प्रथिन किती बनते, केव्हा बनते, ट्रिप्सिनपर्यंत वेळेवर पोहोचते का, हे प्रश्न शुद्ध केलेली दोन प्रथिने एकत्र मिसळून सुटणारे नाहीत.

पेशीत शिरून एक नाते शेवटपर्यंत कसे शोधता येते, याचे मला भावलेले उदाहरण पुण्याचे आहे. डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन पेशीची वाढ थांबवते. एरवी एमडीएम२ नावाचे एन्झाइम पी५३वर युबिक्विटिनची खूण लावून त्याला नष्ट करवते. मग संकटाच्या वेळी एमडीएम२ला कोण हटवते? राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील मानस सांत्रा यांच्या गटाने अमेरिकेतील मायकेल ग्रीन यांच्यासोबत २०१५मध्ये उत्तर दिले. एटीएम हे एन्झाइम एमडीएम२वर फॉस्फेट बसवते. तो फॉस्फेट ओळखून एफबीएक्सओ३१ हे प्रथिन एमडीएम२ला धरते आणि आता एमडीएम२वरच युबिक्विटिन चढते. तीन एन्झाइम-यंत्रणा, एकामागून एक. फॉस्फेट नसेल तर ही भेट होत नाही. इजा न झालेल्या पेशीत हे नाते शोधायला गेलेल्याला ते फारसे दिसलेच नसते, आणि त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते, की असे नाते नाही.

अशा क्षणिक भेटी पकडण्याची साधने आता हाताशी आहेत. एन्झाइमच्या सक्रिय जागेत बदल करून त्याला असे घडवता येते, की ते आपले लक्ष्य पकडेल पण सोडणार नाही. १९९७मध्ये फॉस्फेट काढणाऱ्या एका एन्झाइमसाठी निकोलस टोंक्स यांच्या प्रयोगशाळेने हे करून दाखवले. दुसरी युक्ती मला विशेष आवडते. आपल्या एन्झाइमला बायोटिन चिकटवणारे दुसरे एन्झाइम जोडायचे. रंगपंचमीच्या दिवशी जवळून गेलेल्या प्रत्येकाच्या अंगावर रंग उरतो, तसे शेजारून गेलेल्या प्रथिनांवर बायोटिन उरते. मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने ती ओळखायची. जुन्या पद्धतीत बायोटिनची खूण लागायला अठरा-वीस तास लागत. २०१८मध्ये आलेल्या टर्बोआयडी या पद्धतीला दहा मिनिटे पुरतात. दहा मिनिटे म्हणजे औषध देण्यापूर्वीची आणि दिल्यानंतरची सोबत वेगवेगळी पाहता येते.

पण या प्रयोगातून शेकडो नावांची यादी हाती येते आणि तिथे आमची बरीच तरुण मंडळी थांबतात. जवळून गेलेले प्रत्येक प्रथिन सोबती नसते. शिवाय यादी कोणत्या पेशीतली, हेही महत्त्वाचे. जगभर हे प्रयोग मुख्यतः हेला आणि एचईके२९३ या पेशींत होतात, कारण त्या सहज वाढतात. स्वादुपिंडाचा प्रश्न एचईके२९३सारख्या मूत्रपिंडाच्या वंशावळीतल्या पेशीला विचारून कसे चालेल? म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की हजार नावांच्या तक्त्यापेक्षा एफबीएक्सओ३१सारखा एका नात्याचा पाठपुरावा मोलाचा. पीएच.डी.च्या परीक्षकांनीही त्याला तसे मोल द्यावे. संगणकाने वर्तवलेल्या जोड्यांनाही हेच लागू आहे. अल्फाफोल्ड ही संगणक-प्रणाली जोडी सुचवते. ती भेट कोणत्या पेशीत, कोणत्या प्रसंगी होते, ते प्रयोगानेच ठरवावे लागते.

सभागृहात सवाई मानसिंग रुग्णालयाच्या परिसरात शिकलेले, शिकवलेले डॉक्टर असतील, त्यांना एक विनंती. आनुवंशिक आजारांतील जनुकीय बदलांचा २०१५मध्ये ‘सेल’मध्ये आलेला मोठा अभ्यास सांगतो, की तपासलेल्या बदलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश बदल प्रथिनांची परस्परांशी असलेली नाती बिघडवतात आणि त्यांतले निम्मे काही मोजकीच नाती तोडून बाकीची शाबूत ठेवतात. म्हणजे एन्झाइमची क्रियाशीलता प्रमाणात आली म्हणून ते एन्झाइम निर्दोष ठरत नाही. क्रियाशीलता प्रमाणात असूनही आजारी असलेला रुग्ण आला, घरात आणखी कोणाला तोच त्रास असला, तर फाइल बंद करू नका. संमती घेऊन नमुना जपून ठेवा, घराण्याची नोंद करा आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यापैकी कोणालातरी कळवा. दुपारचे सत्र संपल्यावर त्यासाठीच दोन्ही बाजूंची मंडळी एकत्र बसणार आहेत. मी तिथे शेवटपर्यंत थांबणार आहे.