घरातील परीक्षा आणि यंत्राचा पहारा

(चिखला, ता. तुमसर, जि. भंडारा येथे कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मॅंगनीज काढणाऱ्या हातांच्या घरांतून उद्या वकील निघणार आहेत, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु आज मी अभिनंदन करण्यास उभा नाही. मला आपल्या परीक्षेविषयी बोलावयाचे आहे. तिच्या अभ्यासाविषयी नव्हे, ती कोठे बसून आणि कोणाच्या नजरेखाली द्यावयाची ह्याविषयी.

2020 साली महामारीमुळे महाविद्यालये बंद पडली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले आणि आपल्या राज्यातील विद्यापीठांनी त्या परीक्षा ऑनलाईन घेतल्या. त्याच सुमारास बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने सर्व विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा बाजूस सारून स्वतःची वेगळी परीक्षा काढली. सप्टेंबरच्या आरंभी घोषणा आणि 12 सप्टेंबरला परीक्षा! ती घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यावयाची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 21 सप्टेंबर 2020 रोजी न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली. अल्प मुदतीमुळे अनेकांची संधी हिरावली गेली आणि घरी घेतलेल्या अशा परीक्षेची पारदर्शकता व सचोटी राखली गेली असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. 28 सप्टेंबरला केंद्रांवर झालेल्या सामाईक परीक्षेवरूनच प्रवेश झाले. हा निकाल आपण मुळातून वाचावा, अशी माझी शिफारस आहे.

ह्या पद्धतीत घडते काय? विद्यार्थ्याने ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरावयाचे. यंत्र त्याचा चेहरा छायाचित्राशी ताडून पाहते. मग संगणक उचलून खोलीच्या चारही भिंती, टेबल, टेबलाखालची जागासुद्धा दाखवावयाची. परीक्षा चालू असता खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, आवाज होता कामा नये, नजर फार वेळ पडद्यावरून ढळता कामा नये. तसे झाले तर यंत्र संशयाची नोंद करते.

आता मी विचारतो, अशी रिकामी, निःशब्द, दाराला कडी असलेली खोली आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहे? बाबासाहेबांचे शाळेतील दिवस परळच्या डबक चाळीतील एका खोलीत गेले. तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, तीच अभ्यासाची. वडील रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासास उठवीत. ती खोली आजच्या यंत्राने प्रथमदर्शनीच नापास केली असती. ज्याने ही अट लिहिली त्याच्या मनात दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. त्याला स्वतःच्या घरासारखीच सर्वांची घरे दिसली, इतकेच. परंतु अन्याय होण्यास एवढे पुरते.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. त्यानंतर मोबाईल फार पसरला हे खरे. पण हातात मोबाईल असणे निराळे आणि दोन-तीन तास न तुटणारा संपर्क मिळणे निराळे.

यंत्राची नजर निःपक्षपाती असते, असाही एक समज आहे. 2018 साली जॉय ब्युओलाम्विनी व टिम्नित गेब्रू ह्या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के, काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीच्या सनदेची परीक्षा अशाच पहाऱ्याखाली झाली. तेथे एक तृतीयांशाहून अधिक परीक्षार्थी यंत्राने संशयित ठरविले. माणसांनी तपासल्यावर त्यांतील बहुतेक निर्दोष सुटले. सुटेपर्यंतचा त्यांचा काळ कसा गेला असेल, ह्याची कल्पना ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आधी संशय आणि मग चौकशी हाच न्याय चालला, त्यांना सांगावयास नको.

उपाय कायद्यातच आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. 19 सप्टेंबर 2019 रोजी केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहात मोबाईलवर घातलेल्या बंदीच्या प्रकरणात, इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेतील ओहायोच्या संघीय न्यायालयाने एका सरकारी विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्याने पाहणे ही घटनाबाह्य झडती ठरविली. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादास उपयोगी आहे. 2023 च्या आपल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त आणि बिनशर्त असावी असे म्हटले आहे. पदवी रोखून धरून घेतलेली संमती मुक्त कशी, हा प्रश्न आपणच विचारावयाचा आहे.

नक्कल होऊ नये, ह्याबद्दल माझे दुमत नाही. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या गरिबाचेच नकलेने सर्वांत अधिक नुकसान होते. म्हणून मी पहारा काढा असे म्हणत नाही. पहारा माणसाचा असावा आणि केंद्र तुमसरला असावे, असे म्हणतो.

आज विद्यापीठांच्या परीक्षा बहुतांशी पुन्हा केंद्रावर होतात. तरीही घरबसल्या परीक्षेची पद्धत गेलेली नाही आणि ती केव्हाही आपल्या वाट्यास येईल. अशी परीक्षा जाहीर होताच, आदल्या दिवसाची वाट न पाहता, सर्वांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा. जवळच्या केंद्राचा पर्याय मागावा. संपर्क तुटल्यास फेरपरीक्षा मिळेल काय, हे विचारावे. यंत्राच्या नोंदीवर माणसाने विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा होणार नाही, आणि घराचे चित्रण अमुक मुदतीत नष्ट केले जाईल, असे लेखी आश्वासन घ्यावे. अर्जाची पोच जपून ठेवावी. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जाण्याची वेळ आली तर पहिला कागद तोच लागेल.