परक्या धन्याचा पैसा आणि खेळांतील जोड



खेळाची गोडी कशांत आहे, असें खानदेशांतील यात्रेच्या पंचाला विचारलें तर तो एका शब्दांत सांगेल: जोडींत. मल्ल कितीहि नामांकित असो, त्याच्यासमोर तोडीचा गडी नसला तर हलगी वाजत असतांनाहि लोक उठून जातात. म्हणून वजन, वय आणि मेहनत पाहून जोड लावण्याची रीत पडली. फुटबॉलच्या खेळांत मात्र ही जोड लावणारा पंच कोण, हा प्रश्न अलीकडे फार बिकट झाला आहे. अरबस्तानांतील शेख, रशियांतील तेलवाले, अमेरिकेंतील भांडवलदार इंग्लंडांतील संघ विकत घेऊं लागले, आणि ज्याचा धनी बलाढ्य त्याचा संघ बलाढ्य अशी स्थिति आली. या धन्यांच्या पंक्तीस आपल्या पुण्याचें एक घराणेंहि बसलें आहे. त्याच उदाहरणावरून हा प्रश्न आज पाहावयाचा आहे.

पुणेकरांनीं घेतलेला संघ ब्लॅकबर्नचा. ब्लॅकबर्न हें लँकशायर परगण्यांतील कापडगिरण्यांचें शहर, आणि आम्हां खानदेशी लोकांस तें अगदींच परकें नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तिकडचा कापूस थांबला, तेव्हां लँकशायरच्या चात्या फिरत्या ठेवण्यासाठीं हिंदुस्थानांतून जो कापूस गेला त्यांत खानदेशचाहि होता. पुढें १९३१ सालीं गांधीजी गोलमेज परिषदेस गेले असतां ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन गांवीं जाऊन, आपल्या बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणीकामगारांस भेटले. अशा या शहरांत १८७५ सालीं ‘ब्लॅकबर्न रोव्हर्स’ हा संघ निघाला.

त्याच शहरांत ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ नांवाचा दुसरा संघ होता. त्यांत विणकर, सूत काढणारे, लोखंडाच्या कारखान्यांतील मजूर खेळत. १८८३ सालीं या कामकऱ्यांनीं ईटन विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांस हरवून इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला. श्रीमंतांच्या शाळांतला खेळ मजुरांच्या हातीं आल्याची ती खूण होती. परंतु लगेच १८८४, १८८५ आणि १८८६ असा लागोपाठ तीन वेळां तो चषक रोव्हर्सनें नेला. १८८५ मध्यें खेळाडूंस उघडपणें पगार देण्याची मोकळीक झाली. रोव्हर्सपाशीं पैसा अधिक होता आणि प्रेक्षकहि अधिक होते. १८८८ सालीं बारा संघांची लीग स्थापन झाली, तींत रोव्हर्सला जागा मिळाली, ऑलिंपिकला नाहीं. आणि १८८९ सालीं ऑलिंपिक बंद पडला. चषक जिंकल्यास अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. या ठिकाणीं कोणी परदेशी धनी नव्हता, हें ध्यानांत ठेवावें.

लीगच्या जुन्या चालकांस हा धोका कळत होता. खेळाडूच्या पगारास कमाल मर्यादा होती व ती १९६१ पर्यंत टिकली; अखेरीस ती आठवड्यास वीस पौंड एवढीच होती. खेळाडूंवर त्यांत अन्याय होता हें उघड आहे, आणि ती गेली याचें मला दुःख नाहीं. पण यजमान संघाच्या तिकिटांच्या उत्पन्नांतून पाहुण्या संघास वांटा देण्याची चाल होती, ती १९८३ मध्यें मोडली, याचें मात्र वाईट वाटतें. समोर कोणी खेळावयास आला म्हणूनच तिकिटें खपलीं ना? पुढें १९९२ सालीं वरचे बावीस संघ, दूरचित्रवाणीच्या पैशाचा मोठा वांटा आपल्याकडे ठेवण्यासाठीं, प्रीमियर लीग या नांवानें वेगळे निघाले.

या नव्या व्यवस्थेचा पहिला मोठा लाभ ब्लॅकबर्नलाच झाला. जॅक वॉकर हा त्याच गांवचा मुलगा. बापाच्या पत्र्याच्या धंद्यावर त्यानें पोलादाचा अवाढव्य व्यापार उभारला, तो विकला, आणि १९९१ मध्यें संघ हातीं घेऊन त्यांत पैसा ओतला. केनी डॅल्ग्लिशसारखा व्यवस्थापक आला. १९९२ मध्यें ॲलन शिअरर ब्रिटनमधील उच्चांकी किंमतीस घेतला गेला. १९९५ सालीं रोव्हर्स लीगचे विजेते झाले. दुसऱ्या संघांचे लोक तेव्हां म्हणत, हें विजेतेपद विकत घेतलेलें आहे. ब्लॅकबर्नकरांस तें बोचत नसे, कारण पैसा घरचा होता. पण समोरच्या गरीब संघाच्या दृष्टीनें घरचा पैसा आणि परका पैसा यांत फरक तो काय?

वॉकर २००० सालीं वारला. पुढें २०१० च्या नोव्हेंबरांत पुण्याच्या वेंकीज उद्योगानें हा संघ सुमारें दोन कोटी तीस लक्ष पौंडांस घेतला. अंडीं आणि कोंबड्या यांचा हा भारतांतील फार मोठा व्यवसाय. फुटबॉलशीं त्याचा पूर्वीं संबंध नव्हता. महिन्याभरांतच सॅम ॲलरडाइस या अनुभवी व्यवस्थापकास काढून स्टीव्ह कीन यांस नेमलें. संघ त्या वेळीं तेराव्या स्थानीं, म्हणजे बऱ्यापैकीं सुरक्षित होता. २०११ च्या ऑक्टोबरांत रोव्हर्स पुण्यास आले आणि बालेवाडीस पुणे एफ. सी. शीं मैत्रीचा सामना खेळले. घरीं मात्र संघ हरत चालला होता. २०१२ च्या मे महिन्यांत विगनशीं ज्या सामन्यांत रोव्हर्स हरून वरच्या लीगमधून खालीं गेले, त्या सामन्याच्या वेळीं संतापलेल्या प्रेक्षकांनीं संघाचा ध्वज गुंडाळलेली एक कोंबडी मैदानांत सोडली. अकरा वर्षें सलग वर राहिलेला संघ खालीं आला. पुढच्या हंगामांत एक व्यवस्थापक अवघे सत्तावन्न दिवस टिकला. २०१७ मध्यें संघ आणखी एक पायरी घसरला आणि २०१८ मध्यें परत एक पायरी चढला.

त्या प्रेक्षकांचा राग मी समजूं शकतों. दूर बसलेल्या धन्यानें आपल्या गोष्टीचा निकाल लावावा आणि आपल्याला विचारूंहि नये, हें दुखणें आपल्या पूर्वजांनीं दीडशें वर्षें भोगलें आहे. फरक इतकाच कीं या वेळीं दूर बसलेला धनी आपला होता. परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या घराण्यानें आजवर वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम संघांत घातली. त्यांनीं हात आखडता घेतला असता तर संघ कदाचित् ऑलिंपिकच्या वाटेनें गेला असता. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणींत कित्येक हंगामांत सर्व संघांचा पगारखर्चच त्यांच्या एकूण उत्पन्नाहून अधिक झाला आहे. वरून खालीं आलेल्या संघास तीन हंगामांपर्यंत मोठी रक्कम मिळत राहते, आणि जे आधींपासून खालीं आहेत त्यांस तिची बरोबरी करण्यासाठीं धन्याच्या खिशांत हात घालावा लागतो. म्हणजे धनाढ्य धनी हा रोगहि झाला आणि औषधहि झाला.

असें औषध दूरच्या देशांतून येत असलें कीं त्याचा पुरवठा कोठेंहि अडतो. भारतांत परकीय चलनाच्या कायद्याखालीं चाललेल्या चौकशीमुळें २०२३ मध्यें संघाकडे पैसे धाडण्यास दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. पुढें २०२४ च्या फेब्रुवारींत ब्लॅकबर्नमध्येंच जन्मलेला, संघाच्याच पाठशाळेंत वाढलेला ॲडम व्हॉर्टन हा विशीचा खेळाडू क्रिस्टल पॅलेसला सुमारें एक कोटी ऐंशी लक्ष पौंडांस विकला गेला. संघ २०२२-२३ मध्यें केवळ गोलांच्या फरकानें आणि २०२४-२५ मध्यें दोन गुणांनीं वर जाण्याच्या अंतिम फेऱ्यांस मुकला. असा गडी हातचा जाणें अशा संघास किती महाग पडतें, तें निराळें सांगावयास नको.

मग दोष परकेपणाचा आहे काय? मला तसें वाटत नाहीं. लेस्टरचा धनी थायलंडचा होता. त्याच्या संघानें २०१६ सालीं सर्वांस चकित करून लीग जिंकली. जर्मनींत संघाची बहुमताची सत्ता सभासदांकडे ठेवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. तरी २०१३ पासून २०२३ पर्यंत अकरा वेळां लागोपाठ बायर्न म्यूनिकच विजेता झाला. उलट अबू धाबीच्या शेखानें २००८ मध्यें घेतलेला मँचेस्टर सिटी २०१२ पासून २०२४ पर्यंतच्या तेरा हंगामांत आठ वेळां विजयी झाला. एकाकडे सभासद, एकाकडे शेख. इतरांच्या वांट्यास दोन्हीकडे उपासच. जोड बिघडते ती धन्याच्या जातकुळीनें नव्हे, पैशाच्या अंतरानें.

परकेपणाचा खरा धोका निराळा आहे: असा धनी निघून जाऊं शकतो. मँचेस्टर सिटीच्याच मंडळींनीं २०१९ मध्यें मुंबई सिटी या आपल्या संघाचा ६५ टक्के भाग घेतला. २०२०-२१ मध्यें मुंबईनें इंडियन सुपर लीगचीं ढाल आणि चषक हीं दोन्ही बक्षिसें पटकावलीं. २०२२-२३ मध्यें पुन्हां ढाल आणि २०२३-२४ मध्यें चषक आला. पुढें लीगचाच कारभार अनिश्चित झाला आणि डिसेंबर २०२५ मध्यें ही मंडळी आपला भाग सोडून गेली. व्यापाराच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नाहीं. पण वॉकरचें जन्मगांव ब्लॅकबर्नच होतें. आणि पुण्याची गंमत पाहा: ब्लॅकबर्नच्या संघाची मालकी पुण्यांत, पण पुणे सिटी हा शहराचा स्वतःचा वरच्या लीगमधला संघ २०१९ मध्यें बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली.

इंग्लंडांत जुलै २०२५ मध्यें फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा झाला. त्यान्वयें एक स्वतंत्र नियामक नेमला गेला आहे. संघांना परवाना देणें, धन्याची पात्रता आणि त्याच्या पैशाचा उगम तपासणें हें त्याचें काम. संघाचें मैदान विकावयाचें तर त्याची संमति लागेल, आणि पोशाखाचा रंग किंवा मानचिन्ह बदलावयाचें तर आधीं चाहत्यांचें मत घ्यावें लागेल. म्हणजे रोव्हर्सचा अर्धा निळा, अर्धा पांढरा सदरा यापुढें पुण्याहून कोणास परस्पर बदलतां येणार नाहीं. याहून मोठें असें एक कलम त्यांत आहे. वरच्या लीगनें खालच्या संघांस किती पैसा द्यावा यावर दोघांचें जमलें नाहीं, तर निकाल देण्याचा अधिकार या नियामकास आहे. यात्रेंतल्या पंचासारखा तो प्रत्यक्ष जोड लावणार नाहीं; पण १९८३ सालीं जो वांटा बंद झाला, तशाच वांट्याचा वाद आतां निदान कोणापुढें तरी मांडतां येईल.