साथीच्या आधीची प्रयोगशाळा



आम्ही भंडारा जिल्ह्यात विडी कामगारांत वावरलेली माणसे. शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन तेंदूपानांच्या पोत्यांवर बसून झाले. २०२१ साली करोनाची लस आली, तेव्हा पवनीकडच्या विड्या वळणाऱ्या बायांनी आम्हाला विचारले, "भाऊ, ही सुई आधी कोणावर करून पाहिली?" उत्तर येईना, म्हणून पुस्तके उघडली.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ऑक्टोबरात हाफकिन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि पडवी मिळाली. हाताशी एक कारकून व तीन शिपाई. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवायचे, मग उष्णतेने मारायचे. एका सहायकाचे मन खचले, दोघे काम सोडून गेले. त्यांना आम्ही भ्याड म्हणणार नाही. मरण बाटलीत घेऊन बसण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले होते?

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांना टोचले, बाकीच्यांना नाही. आणि दोहोंतले आजारी मोजले. टोचलेल्यांत लागण पुष्कळच कमी निघाली. तुरुंगातली राजीखुशी कितपत खरी, हा प्रश्न मात्र आमच्या मनातून जात नाही. आज लेखी संमती, नैतिक समिती, इजा झाल्यास भरपाई असे नियम आहेत.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. ही चाचणी नव्हे, नेहमीची टोचणी होती. दोष हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व नीट न उकळताच वापरला गेला, असे चौकशीत पुढे आले. चिमटा कोणाच्याही हातून पडेल. दुसरा उकळलेला चिमटा शेजारी का नव्हता, हे आम्ही विचारतो.

पुण्याची विषाणू संस्था १९५२ ची. अतिघातक विषाणूंसाठी तिची बंदिस्त प्रयोगशाळा २०१२ साली तयार झाली: आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर जात नाही, माणूस औषधी फवाऱ्याखाली धुतल्याशिवाय निघत नाही. म्हणून २०२० साली तिथे करोनाचा विषाणू लवकर वेगळा करता आला, त्यावर देशी लस उभी राहिली, आणि चाचणीतल्या माणसांचे रक्तही तपासता आले. बायांना आम्ही सांगितले, शेवटच्या टप्प्यात पंचवीस हजारांवर माणसे स्वतःहून पुढे आली.

आमच्या ओळखीचा एक तरुण त्या वर्षी एका प्रयोगशाळेत तीन-तीन महिन्यांच्या करारावर लागला. नमुना न सांडता उघडणे, हातमोजे कोणत्या क्रमाने काढणे, सारे शिकला. साथ ओसरली आणि त्याला घरी बसवले. सध्या तो मोटारसायकली दुरुस्त करतो.