गोळी चालू असताना छाती धडधडते तेव्हा



एका बाजाराच्या दिवशी एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. पदराच्या गाठीत गोळ्यांची पाकिटे बांधून आणली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डाक्टर, ह्या तुमच्या गोळ्या घ्या परत. पोराचं डोकं ठिकाणावर आलं खरं, पन काळीज नुसतं उडतंय त्याचं. रातच्याला छातीवर हात ठेवून बघितलं, तर मळणीयंत्र चालावं तसं! डोकं राहू द्या, पोर जगाया पाहिजे."

मी विचारले, "गोळी बंद करून किती दिवस झाले?"

"पाच."

त्या पाच दिवसांत काय घडले ते पुढे कळले. मुलगा तीन रात्री झोपला नव्हता. आपल्या जेवणात कोणी काही कालवते असे पुन्हा म्हणू लागला होता. त्याच दिवशी पहाटे तो अनवाणी घराबाहेर पडला आणि दुपारी शेजारच्या गावी एस.टी.च्या थांब्यावर सापडला. वय सव्वीस. दोन औषधे लागू पडली नाहीत, म्हणून जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला क्लोझापीन नावाचे औषध सुरू केले होते आणि देखरेख माझ्याकडे सोपवली होती. मी दर आठवड्याला त्याचे रक्त तपासायला पाठवीत होतो. पण या औषधाने छातीत धडधड होते, ती झाली तर घाबरू नका, गोळी बंद न करता माझ्याकडे या, एवढे दोन शब्द मी त्या माउलीला सांगितले नव्हते. चूक तिची नव्हती, माझी होती. आज मी आपल्याशी बोलायला बसलो आहे तो ते दोन शब्द सांगण्यासाठी.

मनाच्या आजाराच्या औषधाने हृदय का धावते? आपले हृदय म्हणजे पाणीदार बैल आहे असे समजा. त्याला मोकळे सोडले तर ते आपल्या चालीने मिनिटाला सुमारे शंभर ठोके टाकते. पण मेंदूपासून एक नस खाली उतरून हृदयाला पोचते आणि कासरा धरल्यासारखी त्याला आवरते. म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास राहते. साठ ते शंभर एवढी नाडी मोठ्या माणसाला ठीक समजतात. काही औषधे हा कासरा ढिला करतात. क्लोझापीन त्यांतले मुख्य. उदासीनतेच्या आजारावर देतात ती अमिट्रिप्टिलीन आणि इमिप्रामीन ही जुनी औषधेही त्याच जातीची. हात कापतात, अंग आखडते, म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी देतात, तीही तीच खोड करते. शेतकरी बंधूंना धोत्रा ठाऊक आहे. चुकून धोत्र्याचे बी पोटात गेले की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो आणि नाडी पळत सुटते. या औषधांनी नेमक्या मात्रेत होतो तो त्याच प्रकारचा, पण पुष्कळ सौम्य परिणाम. म्हणूनच धडधडीबरोबर तोंड कोरडे पडणे आणि शौचास साफ न होणे हेही बहुधा सोबत येते. (क्लोझापीन घेणाऱ्याचे पोट तीन-चार दिवस साफ झाले नाही, तर तीही तक्रार क्षुल्लक समजू नका.)

दुसरे एक कारण आहे. यांतली काही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात. निजलेला माणूस एकदम उठला की रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय धावू लागते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मानसिक रोग्यांना प्रथम पद्धतशीरपणे दिले गेले. उठताना भोवळ येणे ही त्या औषधाचीही जुनी तक्रार आहे. इलाज साधा आहे. रात्री लघवीला उठायचे तर आधी कुशीवर वळावे, मग उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे आणि खाटेचा किंवा भिंतीचा आधार घेऊन उभे राहावे. उन्हातान्हात काम असेल तर पाणी भरपूर प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये.

आता गुरुजनांसाठी एक काम सांगतो. गावात सेकंदाचा काटा असलेले घड्याळ, कोरी वही आणि नेमकेपणाची सवय या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी सापडतात त्या शाळेत. "धडधडते" या शब्दावरून वैद्याला काही कळत नाही. नव्वद ठोके असले तरी घाबऱ्या माणसाला धडधडते, आणि एकशे तीस असूनही एखाद्याला पत्ता नसतो. म्हणून नाडी मोजायला शिकवा. रोग्याला पाच मिनिटे स्वस्थ बसवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला आपली तीन बोटे टेकवा. आपला अंगठा वापरू नका, त्यात आपलीच नाडी लागते. घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची घाई नको, कारण ठोके सारख्या अंतराने पडतात की अडखळत, हेही पाहायचे असते. मग रोग्याला उभे करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. सकाळी चहाच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असे आठ दिवस. वहीत तारीख, वेळ, बसलेली नाडी, उभी नाडी आणि गोळी कधी घेतली ते लिहा. ती वही घेऊन रोगी आला तर डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते. माझे तर झालेच.

ती धडधड धोक्याची आहे का, हा तुमचा खरा प्रश्न. क्लोझापीन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, मात्रा वाढत असताना, नाडी शंभर-एकशेदहावर जाणे पुष्कळांना होते. बहुतेकांची ती पुढे उतरते. कासरा ढिला झालेला बैल आपल्या चालीने चालतो, एवढाच त्याचा अर्थ. तरीही तिकडे काणाडोळा करू नये. हिशेब करून पाहा. मिनिटाला सत्तर म्हणजे दिवसाला एक लाखाच्या थोडे वर ठोके, आणि एकशेदहा म्हणजे एक लाख अठ्ठावन्न हजारांच्या वर. महिनोन् महिने हृदयाला एवढे जुंपले तर ते थकू शकते.

काही वेळा मात्र उद्यावर टाकायचे नाही. छातीत दुखते, पडल्यापडल्या धाप लागते, पायांवर सूज येते, शुद्ध हरपते, ठोके अनियमित पडतात, किंवा स्वस्थ बसूनही नाडी एकशेवीसच्या वर राहते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. क्लोझापीन सुरू करून दोन महिने झाले नसतील आणि धडधडीबरोबर ताप आला, तर विशेष जपावे. क्वचित या औषधाने हृदयाच्या स्नायूला सूज येते, ती बहुधा याच काळात. ताप आणि घसा दुखणे असेल तर रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या असण्याची शक्यता असते. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासण्याची पद्धत आहे ती त्यासाठीच. आणखी एक: मनाच्या आजाराची कोणतीही गोळी घेणाऱ्याला जोराचा ताप भरला, अंग लाकडासारखे ताठ झाले, तो भ्रमिष्टासारखे वागू लागला आणि नाडी धावत असली, तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. देवऋषीकडे जायचेच असेल तर मागाहून जा.

एरवी डॉक्टर काय करतील? प्रथम इतर कारणे पाहतील. रक्त कमी असणे, थायरॉइडचा विकार, साधा ताप यांनीही नाडी वाढते. हृदयाचा आलेख काढतील. मग मात्रा थोडी कमी करतील, वाढवायची ती सावकाश वाढवतील, सोबतची एखादी गोळी काढतील, नाहीतर औषधच बदलतील. कधी प्रोप्रानोलॉलसारखी नाडी आवरणारी गोळी जोडतील. पण शेजाऱ्याला रक्तदाबासाठी मिळालेली ती गोळी आपण होऊन घेऊ नका. दमेकऱ्याला ती घातक ठरते, आणि ज्याचा रक्तदाब आधीच उतरलेला आहे त्याला ती आणखी खाली आणते.

घरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. दिवसातून आठ कप चहा पिणारा माणूस धडधडीला गोळीला दोष देतो, तेव्हा मी आधी कप मोजायला सांगतो. क्लोझापीन घेणाऱ्याला तर चहा-कॉफी जास्त झाली की औषध शरीरात साचते. तंबाखू चघळली तरी नाडी वाढते. बिडीची गोष्ट जरा निराळी आहे. तिच्या धुराने यकृत क्लोझापीनचा निचरा जलद करते. म्हणून रोज बंडल ओढणाऱ्याने बिडी एकदम सोडली की तीच मात्रा त्याला जड होते. बिडी सोडावी, जरूर सोडावी, पण डॉक्टरांना सांगून. सर्दीच्या काही गोळ्यांनीही हृदय पळते. दुकानदाराकडून त्या घेताना आपली कोणती औषधे चालू आहेत ते सांगावे.

आणि आपणहून गोळी बंद करू नये. आजार उसळतो, तो कसा ते वर सांगितलेच. क्लोझापीन दोन दिवसांहून जास्त सुटले, तर पुन्हा पहिल्याच मात्रेने घेणे धोक्याचे असते. साडेबारा मिलिग्रॅमपासून नव्याने चढावे लागते. गोळी चुकली असेल तर लाजून लपवू नका. डॉक्टर रागावले तरी चालेल, त्यांना खरे सांगा. दवाखाना लांब असेल तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा आहे. २०२२ साली ती सुरू झाली. तिथे मराठीतून बोलता येते.

त्या बाईंच्या मुलाला आम्ही पुन्हा साडेबारापासूनच चढवले. आलेख ठीक आला, रक्तातही हृदयाच्या सुजेची खूण नव्हती. गावच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर त्याची नाडी मोजायची जबाबदारी घेतली. पहिल्या पानावर ११६, ११२, ११८ असे आकडे आहेत. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी एक लहान गोळी जोडली, मात्रा वाढवण्याचा वेग निम्म्यावर आणला. सहाव्या पानावर ९४ दिसतो. तिथून पुढे अक्षर बदलते, कारण नाडी मोजून लिहिण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. आई अजून रात्री उठून छातीवर हात ठेवून पाहते, अशी त्याची तक्रार आहे. मी त्याला म्हटले, ते औषध मी बंद करू शकत नाही.