आठवण कोणी ठेवायची?



कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवताना मला अमेरिकेतल्या पॅट समिट नेहमी आठवतात. १९७४ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही त्याच धुवायच्या. ३८ हंगामांत त्यांनी १,०९८ सामने आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली.

पण त्यांचा नियम होता : वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं, तास बुडवला तर खेळायचं नाही. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. हे वाचलं आणि मान खाली गेली. सामन्यांसाठी मुलींना तास बुडवायला मीच सांगत होते. आता सांगत नाही.

२०११ मध्ये त्यांना अल्झायमरचं निदान झालं. तरी आणखी एक हंगाम त्या मैदानावर उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये त्या गेल्या. त्यांची स्मृती विरत गेली, पण त्यांनी शिकवलेलं त्यांच्या मुलींकडे राहिलं.

सर, बाई, आज आमची नावं आठवली नाहीत तरी चालेल. तुम्ही शिकवलेलं आम्ही जपून ठेवलंय.